जनरल निर्दोष आहे!

"पळाला! जनरल पुन्हा पळाला!"

विल्बेरची आरोळी कानावर पडली आणि निल्दाने बटाटे तुडवणं तिथेच थांबवलं. रात्रीच्या थंडीत गोठलेले आणि दुपारच्या उन्हात मऊ पडलेले बटाटे पायांनी तुडवून त्यांचं पाणी काढायचं, हे सुट्टीतलं तिचं ठरलेलं काम होतं. पायाला सालं चिकटलेली, पण धुणार कधी? तशाच ओल्या पायांत चपला सरकवून ती अंगणात आली.

"आणि दोर?"

"खाल्ला!"

"अख्खा?"

"गाठ तेवढी ठेवलीय. बहुतेक तुझ्यासाठी!" विल्बेर म्हणाला.

विल्बेर निल्दाचा मामेभाऊ. त्याचं तोंड सदा चालू, बोलण्यात नाहीतर खाण्यात. त्याच्यामागे भिंतीला टेकून फाबियो उभा होता. तो निल्दाचा मावसभाऊ, लिमाचा, समुद्रकाठी वाढलेला. पाल्यातांबो गावाच्या उंचीवर चार पावलं चाललं तरी बिचाऱ्याचं डोकं गरगरायचं. आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन फाटकात उभी होती तीका, निल्दाची धाकटी बहीण. तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते.

"चला की! जनरल वाट बघतोय!" तीका म्हणाली.

जनरल म्हणजे त्यांचा म्हातारा लामा. पांढरा, लोकरीचा, उंटासारख्या लांब मानेचा, पाठीवर तपकिरी डाग असलेला. मान अशी ताठ आणि हनुवटी अशी वर, की समोरचा माणूस आपोआप सरळ उभा राही. म्हणून तर आजोबांनी त्याचं नाव जनरल ठेवलं होतं. तो कुठे गेला असेल हे शोधायची गरज नव्हती. दुपार झाली की तो एकाच ठिकाणी जायचा. गावामागच्या डोंगरावर वामानपुकाराचा जुना गड आहे. त्याच्या दरवाजाजवळच्या कोपऱ्यात.

चौघं पळत सुटली. म्हणजे तिघं पळाली आणि फाबियो त्यांच्यामागून हेलपाटत गेला. नदीच्या पुलाशी तीका एकदम थांबली.

"आता काय?" निल्दा ओरडली.

"दगड घ्यायचाय."

"आत्ता?"

"दगड न घेता गेलं की डोंगर रुसतो. आजोबा म्हणायचे."

सगळ्यांनी पाण्यातून एकेक गोटा उचलला. फाबियोने अगदी लहान शोधला. विल्बेरने त्याहून लहान.

चढ संपला. गडाच्या दरवाजासमोर दगडांची भलीमोठी रास आहे, गावातल्या कितीतरी पिढ्यांनी रचलेली. तिथे चौघांनी आपापला गोटा गुडघ्यांवरून फिरवला, कपाळाला टेकवला, त्यावर फुंकर घातली आणि राशीवर ठेवला. असं केलं की चढाचा थकवा दगडात जातो.

"गेला थकवा?" विल्बेरने विचारलं.

"नाही," फाबियो धापा टाकत म्हणाला.

"गोटा मोठा घ्यायला हवा होतास. तुझा थकवा त्यात मावत नाहीये!"

फाबियोने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पलीकडून धडधड आवाज झाला. धुळीचा लोट उठला.

"जनरल!" निल्दा किंचाळली आणि धावली.

कोपऱ्यातल्या तटाचा एक भाग कोसळला होता. त्या दगडांपासून चांगल्या दोन हातांवर जनरल बसला होता. अंगावर धूळ, तोंडात गवत, मान ताठ. त्याने दगडांकडे पाहिलंसुद्धा नाही. तो नेहमीसारखा खालच्या पायवाटेकडे बघत होता, कान पुढे करून.

"सापडला! तिसऱ्यांदा सापडला!"

नगराध्यक्ष ओक्तावियो पोमा नव्या रस्त्याकडून तरातरा येत होते. या वर्षी पाऊस संपल्यावर त्यांनीच तो रस्ता करून घेतला होता. आता गाडी थेट दरवाजापर्यंत यायची. त्यांच्यामागून काळा चष्मा लावलेला, गळ्यात कर्णा अडकवलेला लूचो आला. बसमधून येणाऱ्या पाहुण्यांना तो गड दाखवायचा.

"बघ निल्दा, बघ! इंका राजांना हा तट पाडता आला नाही. स्पॅनिशांना आला नाही. आणि तुझा हा म्हातारा लामा रोज पाडतोय!"

"काका, तो लांब बसलाय हो! त्याने काही नाही केलं!"

"मग मी केलं? दर वेळी इथे कोण असतं? तोच! अंग घासत असणार. पुरे झालं. नगरसभेत ठरलंय, आणि तुझ्या आईला सांगूनही झालंय. रविवारच्या बाजारानंतर हा डोंगरावर दिसता कामा नये."

"मग तो जाणार कुठे?" तीकाने विचारलं.

नगराध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, मग नजर वळवली. ते वाईट माणूस नव्हते. वाकून त्यांनी एक दगड उचलला, गुडघ्यांवरून फिरवला, कपाळाला टेकवला, डोळे मिटून त्यावर फुंकर घातली आणि राशीवर ठेवला. मग मान खाली घालून ते गाडीत जाऊन बसले.

जनरल कुठे जाणार हे संध्याकाळी कळलं.

आई चुलीपाशी बसून लाल लोकर विंचरत होती. तिचं नाव सातुर्निना. तिच्या हातच्या रंगाची लोकर आसपासच्या सगळ्या गावांत नावाजलेली. बटाट्याचं सूप चौघांनी मुकाट्याने खाल्लं. अगदी विल्बेरनेसुद्धा.

"रविवारी मांस वाळवणारा व्यापारी येतोय," आई हळूच म्हणाली. "दुसरं कोणी एवढा म्हातारा लामा घेत नाही."

निल्दाने आईचा हात धरला.

"आई! तू नाही म्हण ना!"

"नाही म्हटलं तर कुरण काढून घेणार आहेत, बाळा. मग मेंढ्या कुठे चारू? बांधून ठेवायचं तर तो गवताच्या काडीला तोंड लावत नाही. तूच पाहिलंस. आजोबा गेल्यापासून त्याचं असंच आहे."

आजोबा बेनीतो गेल्या थंडीत गेले. ते होते तोवर रोज दुपारी गडाच्या त्या कोपऱ्यात जाऊन बसायचे. तिथे वारा लागत नाही आणि ऊन छान येतं. बरोबर भाजलेल्या मक्याची पिशवी. एक मूठ आपल्याला, एक मूठ जनरलला. आता आजोबा नव्हते, पण जनरलला ते कोण समजावणार? तो रोज जायचा आणि पायवाटेकडे डोळे लावून बसायचा.

"ही लोकर कशाला विंचरतेयस?" निल्दाने विचारलं.

"त्याच्या कानांना नवे गोंडे करतेय." आई विंचरतच म्हणाली. "जाताना तरी नीट दिसू दे त्याला."

निल्दा उठून गोठ्यात गेली. जनरलच्या मानेच्या लोकरीत तिने तोंड खुपसलं आणि पोटभर रडली. त्याच्या अंगाला अजून आजोबांच्या घोंगडीसारखाच वास येत होता. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपल्या बाजूला फाबियो आणि विल्बेरही येऊन उभे आहेत. तीका तर जनरलच्या पायाशी बसलीच होती.

"उद्यापासून पहारा," विल्बेर म्हणाला. "तट कोण पाडतंय ते बघूच!"

शुक्रवारी दुपारी चौघं जनरलबरोबरच गडावर गेली आणि झुडपाआड लपली. जनरल कोपऱ्यात बसला. विल्बेरने बरोबर आणलेलं चीज संपवलं. मग फाबियोच्या वाटचं संपवलं. जनरल हलला नाही. ऊन चढलं. आणि मग कोणी हात लावला नाही, वाराही नव्हता, तरी तटाचा एक मोठा दगड आपोआप कलला, घरंगळला आणि धप्पकन खाली आला!

"पाहिलंत! पाहिलंत!" निल्दा उड्या मारायला लागली. "जनरल निर्दोष आहे!"

"हो, पण हे आपण म्हणणार," विल्बेर डोकं खाजवत म्हणाला. "आणि ते म्हणणार, ही तुझीच भावंडं, तुझाच लामा. भूत पाडतंय म्हणून सांगायचं का?"

"भुतं दुपारी झोपतात," तीका म्हणाली.

फाबियोचं डोकं पुन्हा दुखायला लागलं होतं, म्हणून तो राशीपाशी जाऊन टेकला होता. बसल्या बसल्या तो दगड चाचपत होता.

"ए निल्दा, इकडे ये जरा. तुम्ही लोक दगड नदीतूनच आणता ना?"

"मग काय बाजारातून आणणार?"

"तसं नाही गं. आमच्या समुद्रकाठी असेच गोटे असतात. पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेले. या राशीच्या खालच्या थरात सगळे तसलेच आहेत. पण वर बघ!"

निल्दाने पाहिलं. इतक्या वेळा ती इथे आली होती, पण तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं. राशीच्या वरच्या थरात गोल गोटे थोडेच होते. बाकी सगळे दगड चपटे, कडा धारदार. नदीत असला दगड शोधून सापडला नसता.

"हे आले कुठून?"

तिघं विचार करत बसली. तीका मात्र उठली आणि तटाच्या पायथ्याशी जाऊन उकिडवी बसली.

"ताई, तटाचे दात पडलेत!"

"काय?"

"हे बघ ना! माझ्यासारखे!" आणि तिने तोंड उघडून दाखवलं.

खरंच! मोठ्या दगडांच्या मधे जिथे लहान चपट्या चिपा ठोकून बसवलेल्या असतात, तिथे खालच्या बाजूला फटी पडल्या होत्या. रिकाम्या, काळ्या. हात पोचेल तिथपर्यंतच्याच बहुतेक चिपा गायब होत्या. निल्दाने राशीवरची एक चपटी चीप उचलली आणि एका फटीत सरकवून पाहिली. नाही बसली. दुसरी, तिसरी... चौथी अशी चपखल बसली की चौघांच्याही तोंडून एकदम "अरेच्चा!" निघालं.

"म्हणून मोठे दगड डुगडुगतात," फाबियो म्हणाला.

"रात्री त्यांच्यामधली माती गोठते आणि दुपारच्या उन्हात सुटते," निल्दाचे डोळे चमकायला लागले. "आपल्या बटाट्यांसारखी! म्हणून तर दगड दुपारी पडतात. आणि दुपारी इथे फक्त जनरल असतो!"

"पण चिपा काढतं कोण?" विल्बेर म्हणाला. "सकाळी येऊन बघायला हवं."

शनिवारी सकाळी मुलं झुडपाआड होती. नव्या रस्त्याने बस घरघरत आली. पाहुणे उतरले, कुडकुडत कोपऱ्यात उभे राहिले, कारण वारा तिथेच लागत नाही. लूचोने कर्णा तोंडाला लावला.

"मंडळी, आता आपण इथली हजारो वर्षांची प्रथा पाळणार आहोत! प्रत्येकाने एक दगड घ्यायचा, कुठलाही चालेल! गुडघ्यांवरून फिरवा, कपाळाला लावा, फुंकर घाला! थकवा पळून जाईल!"

"कसला थकवा? आत्ता तर बसमधून उतरले!" विल्बेर पुटपुटला.

पाहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जमीन झाडून स्वच्छ ठेवलेली. मग एकाने तटातली सैल चीप ओढली. त्याचं बघून दुसऱ्याने. भराभर सगळ्यांनी! आणि लूचो पाठ फिरवून फोनवर बोलत होता.

मुलं धावतच गावात आली. चौकात नगराध्यक्ष शिडीशेजारी उभे राहून लाल-पांढऱ्या पताका लावून घेत होते. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय सण, बाजार, बँड, जिल्ह्याहून येणारे पाहुणे. त्यांना श्वास घ्यायला वेळ नव्हता.

"काका, आम्ही पाहिलं! बसमधले लोक तटाच्या चिपा काढून राशीवर ठेवतात!"

"आमचे पाहुणे? तट फोडतात? अगं, लामाला वाचवायला काहीही सांगशील का?"

"पण खरंच..."

"त्या राशीवर मी स्वतः रोज दगड ठेवतो. रोज! एवढा कामाचा माणूस, पण कधी चुकवलं नाही. मी चोर झालो का मग? डावी बाजू वर घे रे! वर! जा मुलांनो, घरी जा."

मुलं घराच्या पायरीवर येऊन बसली. आत आई लोकर रंगवत होती. निवडुंगावरचे किडे वाळवून केलेली पूड एका मडक्यात होती. करडी, साधी दिसणारी, धुळीसारखी. आईने ओल्या तळव्यावर चिमूटभर घेऊन चोळली आणि तळवा लालभडक झाला.

"हा रंग जात नाही का, मावशी?" फाबियोने विचारलं.

"पाण्याने धुतला की जातो. तुरटी लावली तरच पक्का बसतो."

निल्दा आईच्या लाल तळव्याकडे बघतच राहिली.

"रोज ठेवतात," ती स्वतःशी म्हणाली. "ते रोज ठेवतात! पण गाडीने जातात. नदीशी थांबतच नाहीत! मग ते दगड कुठून घेतात?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुरुवारी नगराध्यक्षांनी वाकून उचललेला दगड सगळ्यांनाच आठवला.

"आई, थोडी पूड देशील?"

"किती थोडी?"

"जनरलपुरती," निल्दा म्हणाली.

आईला काही समजलं नाही. पण मुलीच्या डोळ्यांत तिला काय दिसलं कोण जाणे, तिने एका फडक्यात पूड बांधून दिली.

रविवारी सकाळी बस यायच्या आत मुलं गडावर पोचली. नदीतला गोटा विसरली नाहीत. मग कोपऱ्यात हाताला येतील त्या उरलेल्या सगळ्या चिपांवर त्यांनी कोरड्या लोकरीच्या बोंडाने पूड लावली. दगडाच्या करड्या रंगात ती दिसेनाशी झाली.

"कपाळाला लावतील," विल्बेर.

"वर फुंकर घालतील," फाबियो.

"आणि तळव्यांना घाम! काकांना भाषणाच्या दिवशी किती घाम येतो माहितीय ना!" निल्दा म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

चौकात बँड वाजत होता. बायका मक्याच्या भाकऱ्या आणि गरम सूप विकत होत्या. एका कोपऱ्यात व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता आणि त्याच्या मागच्या बाजूला जनरल. कानांत लाल गोंडे, गळ्यात नवा दोर. दोराचं टोक व्यापाऱ्याच्या हातात. आई बाजूला उभी होती आणि त्याच्याकडे न बघता त्याची मान थोपटत होती.

"आई, जरा थांब. फक्त भाषण होईपर्यंत!" निल्दा कळवळून म्हणाली.

तेवढ्यात गडावरून गाड्या आल्या. नगराध्यक्ष नवा कोट घालून नगरसभेच्या पायऱ्या चढले, पाहुण्यांना पुढे उभं केलं आणि गर्दीकडे तोंड केलं. "माझ्या प्रिय गावकऱ्यांनो..."

पुढची रांग खुदकन हसली. मग मागची. नगराध्यक्षांच्या कपाळाच्या बरोबर मध्यभागी लालभडक ठसा होता. शेजारच्या पाहुण्याच्या कपाळावर तसाच. त्याच्या बायकोच्या कपाळावर तसाच. लूचोचंही कपाळ सुटलं नव्हतं!

"काय झालं? हसता काय?" नगराध्यक्षांनी घाम पुसायला पांढरा रुमाल काढला, आणि रुमाल लाल झाला. "रक्त! अरे, रक्त!"

"रक्त नाही!" आई गर्दीतून ओरडली. "तो माझा रंग आहे! निल्दा! जनरलपुरती म्हणालीस ना!"

निल्दा पायऱ्यांपाशी आली. सगळं गाव बघत होतं. पण जनरलही बघत होता, मान ताठ ठेवून. तिनेही मान ताठ केली आणि पायऱ्या चढली.

"काका, माफ करा. पूड आम्ही लावली. फक्त तटातल्या चिपांवर, दुसरीकडे कुठेच नाही. ज्याने तटातली चीप काढली, त्याच्याच कपाळाला लागली."

चौकातला हशा थांबला. बँडमधला ढोलवाला सगळ्यात शेवटी थांबला.

"चिपा गेल्या की मोठे दगड सुटतात. दुपारी उन्हाने पडतात. जनरल तिथे फक्त आजोबांची वाट बघत बसतो. त्याने काही पाडलं नाही, काका." आता तिला रडू आवरेना. "खरंच नाही पाडलं!"

नगराध्यक्ष आपल्या तळव्याकडे बघत राहिले. रागावतील असं सगळ्यांना वाटलं. लूचो तर हळूच एक पायरी मागे सरकला.

"मी रोज ठेवत होतो," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "एकही दिवस चुकवला नाही."

"हो ना. पण नदीवरून नाही आणलात."

"गाडीतून उतरलं की समोर जो दिसेल तो... सैल असायचा, हाताला यायचा. वाटलं, दगड तो दगड." ते पायरीवरच बसले, नव्या कोटासकट. "तीकाएवढा होतो. बेनीतोबाबांनी मला पहिल्यांदा गडावर नेलं. मी ऐटीत हा एवढा गोटा उचलला आणि अर्ध्या चढावर रडायला लागलो. त्यांनी काही तो माझ्याकडून घेतला नाही. म्हणाले, बसू या दोघं, मग उचल. किती वेळ बसले माझ्यासाठी! आणि मी त्यांच्या लामाला..."

त्यांनी लाल रुमालानेच डोळे पुसले. आता तर सगळं तोंडच लाल झालं, पण कोणी हसलं नाही.

मग ते उठले, गर्दीतून वाट काढत ट्रकपाशी गेले आणि व्यापाऱ्यापुढे हात केला. व्यापाऱ्याने निमूटपणे दोर दिला. नगराध्यक्षांनी तो जनरलच्या गळ्यातून काढला.

"जनरलसाहेब," ते म्हणाले, "चूक झाली."

जनरल त्यांच्या नव्या कोटावर थुंकला. पाल्यातांबोत इतका मोठा हशा कधी झाला नसेल!

भाषण राहिलंच. नगराध्यक्ष पुढे, त्यांच्यामागे सगळं गाव आणि जिल्ह्याचे पाहुणेसुद्धा, असे सगळे पायी निघाले. पुलाशी प्रत्येकाने गोटा उचलला. लूचोला तीकाने निवडून दिला, चांगला जड.

"एवढा?" तो म्हणाला.

"तुमचा थकवा मोठा आहे. बोलून बोलून झालेला!"

वर पोचल्यावर राशीतल्या चपट्या चिपा वेगळ्या काढून ठेवल्या. कोपऱ्यात दोरी बांधली. तट बसवणारे जाणकार आठवड्याभरात येतील, असं जिल्ह्याच्या पाहुण्यांनी सांगितलं. बस यापुढे पुलाशीच थांबेल, असं नगराध्यक्षांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. मग त्यांनी चौघांना सगळ्यांसमोर उभं केलं.

"आम्ही मोठी माणसं दगड ठेवत राहिलो आणि बघायचं विसरलो," ते म्हणाले. "या पोरांनी बघितलं. बेनीतोबाबा असते तर त्यांना आज फार बरं वाटलं असतं."

टाळ्या वाजल्या. आईने चौघांना एकदमच कुशीत ओढलं आणि "माझी पूड भरून द्यायची आहे हं!" असं दटावलं, पण तिचा हात निल्दाच्या केसांवरून फिरत राहिला. फाबियोच्या एकदम लक्षात आलं की आज अख्खा चढ चढून आपलं डोकं दुखलेलं नाही.

नगराध्यक्षांच्या कपाळावरचा ठसा मात्र पुढे आठवडाभर गेला नाही. सणाचा दिवस म्हणून सकाळी दाढी केल्यावर त्यांनी तुरटीचा खडा अख्ख्या तोंडावरून फिरवला होता ना!

हळूहळू लोक खाली उतरले. ऊन कोपऱ्यात आलं तसा जनरल सवयीने तिकडे गेला आणि दोरीच्या अलीकडे पाय दुमडून बसला, पायवाटेकडे तोंड करून. निल्दा त्याच्या शेजारी बसली, आजोबा बसायचे त्या दगडावर. खिशातून तिने भाजलेल्या मक्याची पिशवी काढली. एक मूठ आपल्याला. एक मूठ त्याला.

जनरलने तिच्या तळव्याचा वास घेतला. मग मान खाली केली आणि सगळे दाणे सावकाश, एकेक करून खाल्ले. तळव्यावर अजून थोडा लाल रंग होता, तो त्याच्या ओठांना लागला. खाऊन झाल्यावर त्याने मान तिच्या खांद्याशी आणली आणि तिथेच राहू दिली.

त्या दुपारी त्याने पायवाटेकडे पुन्हा पाहिलं नाही.